देवयानीचा फोटो

लग्न ठरलं की कोल्हापुरात दोन माणसांकडं आधी जायला लागायचं. पत्रिकेसाठी राजारामपुरीत माझ्याकडं आणि फोटोसाठी शिवाजी पेठेत मीरासाब नदाफकडं. भटजींचा नंबर त्यानंतर. मी बाळासो कांबळे, बौद्ध, मीरासाब मुसलमान, आणि जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नांचे गणपती माझ्या मशीनवर छापले गेले, निम्म्या मंगळसूत्रांचे फोटो त्याच्या कॅमेऱ्यातून गेले. मधूनमधून पेपरात सलोख्यावर अग्रलेख यायचे. ते वाचायला आम्हाला वेळ नसायचा, कारण नेमकी तेव्हाच लग्नसराई असायची.

मीरासाब म्हणजे पन्नाशीला टेकलेला, उंच, थोडा पोक आलेला माणूस. खिशात लेन्स पुसायचं पिवळं फडकं. "हसा" असं न म्हणणारा तो जिल्ह्यातला एकमेव फोटोग्राफर असावा. "हसू आलं तर हसा, न्हाईतर राहू द्या, बसून हाय मी," म्हणायचा आणि खरंच बसून राहायचा. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. कुणाला नवरी नवऱ्याच्या तळहातावर उभी पाहिजे, कुणाला दोघं बदामाच्या आकारात, कुणाला वरबाप हत्तीवर. हत्ती लग्नात नव्हताच, पण फोटोत पाहिजे. मीरासाब सगळं करून द्यायचा आणि मग माझ्या प्रेसमध्ये येऊन चहाचा कप पुढ्यात ठेवून गप्प बसायचा.

एकदा असाच बसला असताना म्हणाला, "बाळासो, तीस वर्षं लोकांनी सांगितल्यालेच फोटो काढलो. मरायच्या आधी एक फोटो असा काढायचाय, जो कुणीच सांगितला न्हाई."

मला वाटलं, पित्त झालं असेल. पण माणूस मनावर घेऊन बसला होता.

त्याचं झालं असं की, १९९७ च्या उन्हाळ्यात तो शेपटीवाला धूमकेतू आला. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खात लोक तो बघायचे. मीरासाबनं त्याचा फोटो काढला, तो स्थानिक पेपरात आला, आणि पेठेतल्या मंडळानं त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. सत्काराला गणपतराव सर प्रमुख पाहुणे. हे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि लोकांच्या आनंदात खडा टाकायचं काम विनामोबदला करायचे. भाषणात म्हणाले, "धूमकेतूचं काय एवढं? तो स्वतःहून आपल्या दारात आला. हिंमत असेल तर दीर्घिकेचा फोटो काढून दाखवा. तिच्याकडं आपण जायला लागतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नव्हतं, पण सर थांबले होते.

दुसऱ्या दिवशी मीरासाब सरांकडं जाऊन माहिती घेऊन आला. आपली आकाशगंगा जशी अब्जावधी ताऱ्यांची, तशीच दुसरी एक शेजारी आहे. भोवऱ्यासारखी गरगर वळलेली. अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांनी ती कापसाच्या बोळ्याएवढी दिसते. सरांनी तिचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, अँड्रोमेडा. मीरासाबच्या तोंडात त्याचं "आंद्र्या मेढा" झालं. माझं आयुष्य लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढण्यात गेलेलं. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "अरे, आपल्या भाषेत तिला सुंदर नाव आहे. देवयानी म्हण." तेवढं एक सांगितलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. शुद्ध भाषेचा आग्रह माणसाला कुठं नेऊन सोडेल, सांगता येत नाही.

मीरासाबला नाव फार आवडलं. त्यानं तीन इंची भिंग मिळवलं, न्हाणीघराला वापरतात तो प्लॅस्टिकचा पाइप आतून काळा रंगवून त्यात बसवलं, आणि मागच्या टोकाला कॅमेरा जोडला. झाली दुर्बीण. लग्नांच्या निमित्तानं तो जिल्हाभर हिंडायचा, तेव्हा ती बरोबर नेता यावी म्हणून एका बँडवाल्याकडून सॅक्सोफोनची जुनी पेटी आणली. दुर्बीण त्यात चपखल बसली. त्यानंतर एसटीतले कंडक्टर त्याला "मास्तर" म्हणू लागले आणि लग्नघरातले लोक जेवणं झाल्यावर "वाजवा की आता" म्हणून मागं लागायचे.

खरी अडचण वेगळी होती. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात, आणि असल्या अंधुक वस्तूचा फोटो काढायचा तर शटर दहा मिनिटं उघडं ठेवायला लागतं. तेवढ्यात तारा सरकला की फोटोत रेघ उठते. यावर मीरासाबनं दोन फळ्या घेतल्या, मधे दाराची बिजागरी ठोकली आणि एक लांब बोल्ट बसवला. मिनिटाला एक फेरी, अशा बेतानं बोल्ट हातानं फिरवायचा, म्हणजे वरची फळी दुर्बिणीसकट ताऱ्याच्या मागं मागं जाते. नेम चुकू नये म्हणून शेजारी एक छोटी नळी, आणि तिच्या भिंगात फुलीसारखे ताणलेले दोन केस. केस बायकोचे, नजीराचे. दोरा जाड पडतो म्हणाला.

नजीरानं केस दिले, पण कशाला ते तिला नीट सांगितलं नव्हतं. आणि हा गडी घरात पुटपुटत फिरायचा, "आज देवयानी दिसंल," "देवयानीसाठी गगनबावड्याला जायला पायजे." एक दिवस ती तडक प्रेसमध्ये आली. घरात ती दखनीत भांडायची, माझ्याशी मात्र मराठीत.

"बाळासोभाऊ, खरं सांगा. ही देवयानी कोण हाय?"

मला हसू आवरेना. बोलता येईना म्हणून मी नुसतं बोट वर केलं. नजीराचा चेहरा पडला. पदर तोंडाला लावून म्हणाली, "गेली? कवा? आन् हे मला बोलले बी न्हाईत!" तिची समजूत घालायला मला तासभर लागला. शेवटी पटलं तिला, पण जाताना म्हणालीच, "एवढी लांब हाय म्हणून सोडते."

पहिले दोन हिवाळे फुकट गेले. पेठेत आकाश आहे, पण ते मंडळांच्या हॅलोजनच्या ताब्यात आहे. पन्हाळ्याच्या वाटेवर दुर्बीण लावली, तर पोलिसांनी हटकलं. काय बघताय म्हणाले. यानं सांगितलं, ग्रहतारे. त्यावर त्यातल्या हवालदारानं याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मग आमची साडेसाती कवा सुटतीया तेवढं बगा की." तोवर दहा मिनिटं गेली आणि एका ट्रकच्या दिव्यांनी फोटो पांढराफटक झाला. गगनबावड्याला धुकं. राधानगरीला कुणीतरी जाळ केला. एकदा सगळं जमलं, तर लॅबवाल्यानं "ब्लँक" असा शेरा मारून फोटो छापलाच नाही. लोक विचारायचे, "काय मीरासाब, घावली काय देवयानी?" आणि डोळे मिचकवायचे. तो हसून उत्तर द्यायचा, पण आतून खट्टू व्हायचा. मला ते दिसायचं.

आणि मग १९९९ च्या मार्गशीर्षात हंबीररावांच्या मुलीचं लग्न निघालं.

हंबीरराव चंदगडच्याही पुढं, जंगलाच्या कडेच्या एका गावातले. एका साखर कारखान्याचे माजी संचालक. पत्रिकेत "माजी" हा शब्द किती बारीक टाइपात बसतो, हे बघायला ते स्वतः प्रेसमध्ये आले होते. मी माझ्याकडचा सगळ्यात बारीक टाइप लावला, तरी म्हणाले, "आनी वाईच बारीक." जावई तेल कंपनीत साहेब, तेही आसामात. "आसाम" मात्र ठळक टाकायला लावलं. "तालुक्यात कुणाचा जावई आसामात हाय काय? काढा बरं." मुलीचं नाव मी माझ्या हातानं जुळवलं: चि. सौ. कां. देवयानी. आणि मला काहीही सुचलं नाही! प्रूफ तपासणाऱ्याला अक्षरं दिसतात, अर्थ दिसत नाही. मीरासाब तर प्रत्येक नवरीला "नवरीबाई" एवढंच म्हणायचा, नाव विचारायचाच नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं एसटीनं पोचलो. ज्याची पत्रिका छापली त्याच्या लग्नात जेवायला जायचं, असा माझा नियम होता. घर दुमजली, त्यावर नवीकोरी स्लॅबची गच्ची. गावात भारनियमन चालू, सगळीकडं काळोख पडणार, दिवे फक्त हंबीररावांच्या जनरेटरवर. चंद्राची कोर आठाच्या आत मावळणार. आकाश नुसतं धुतल्यासारखं. मीरासाबनं गच्चीवरून वर बघितलं आणि माझा दंड धरला. म्हणाला, "आज जर ह्या दिव्यांच्या माळा धा मिंटं बंद झाल्या, तर झालं म्हणून समज."

घरातला सगळा कारभार गुंडू नावाचा एक माणूस बघायचा. मीरासाब त्याच्याकडं गेला आणि अत्यंत अदबीनं म्हणाला, "पावणं, रात्री आठला गच्चीवर देवयानीचा फोटो काढायचाय. तेवढी धा मिंटं दिवं बंद केलासा तर लई उपकार हुतील. आन् तवा गच्चीवर कुणी चालायचं न्हाई. हललं की फोटो गेला."

गुंडूनं हे जसंच्या तसं हंबीररावांना सांगितलं. हंबीररावांनी एकच प्रश्न विचारला, "शेजारच्या गावच्या पाटलानं पोरीच्या लग्नात असला फोटो काढलाता काय?"

"न्हाई."

"मग काढा."

आठ वाजता जनरेटर बंद झाला. महाराष्ट्रात एखाद्या पुढाऱ्यानं आपणहून दिवे घालवल्याचा तेवढा एकच प्रसंग मी बघितला आहे. वाजंत्री थांबली. असा काळोख झाला की आपला हात आपल्याला दिसेना, आणि वर बघावं तर तारे अंगावर आल्यासारखे. मीरासाबनं पाइप नीट रोखला, नळीतल्या केसांच्या फुलीवर तारा धरला, मला माझं रेडियमचं घड्याळ काढून बसायला सांगितलं. तेवढ्यात जिन्यात बांगड्या वाजल्या. दोन आत्या आणि त्यांच्या मधे हळदीनं पिवळी झालेली नवरी. मागून गुंडू खुर्ची घेऊन.

"घ्या," गुंडू म्हणाला. "आणली देवयानी. कुठं बसवू?"

मीरासाब बोल्ट धरून उभाच राहिला. माझ्या डोळ्यांपुढं माझीच पत्रिका आली, ठळक टाइपातली. मी कपाळाला हात लावला, पण अंधारात कुणाला दिसला नाही.

शेवटी मीरासाबनं स्वतःला सावरलं. "हितं ठेवा खुर्ची. आन् तुमी सगळी खाली जावा. सावली पडंल." त्या मिट्ट अंधारात सावली कुणाची आणि कशी पडणार, हे एकानंही विचारलं नाही. आत्या लगबगीनं खाली गेल्या, गुंडूही गेला.

मग मीरासाब हात जोडून नवरीला म्हणाला, "बाई, माफ करा, घोटाळा झालाय. मला तुमचा न्हाई, दुसऱ्या देवयानीचा फोटो काढायचाय. ती वर हाय." आणि त्यानं दाखवली. पोरीनं मान वर करून बघितलं. बराच वेळ शोधलं, मग तिला सापडली.

"ती धुरागत दिसतीया ती?"

"व्हय, तीच. लाखो-करोडो सूर्य हाईत त्यात."

"आन् मी आता खाली गेलो तर?"

आमच्याकडं मुलीसुद्धा "मी गेलो" म्हणतात. एरवी मी ते दुरुस्त केलं असतं.

"खाली गेलासा की लगेच दिवं लावतील," मीरासाब म्हणाला.

"मग बसतो की मी. काढा तुमी." आणि पदर सावरून, हात मांडीवर ठेवून ती खरोखर फोटोला बसावं तशी ताठ बसली.

मीरासाबनं शटर उघडलं. मी मिनिटं मोजू लागलो. तो श्वास धरून बोल्ट फिरवत होता. त्या घरात आठ दिवस पाहुण्यांचा नुसता दंगा चालला होता. सकाळपासून त्या पोरीला कुणी पाच मिनिटं मोकळी सोडली नसेल. इथं तिला कुणी काही विचारत नव्हतं. सहाव्या मिनिटाला ती ओठही न हलवता म्हणाली, "काका, आसामातनं बी ही दिसंल काय?"

"दिसंल की. तिला आसाम आन् चंदगड एकच."

 मला वाटतं ती रडत होती, पण हलली नाही. मला तेव्हा तिच्याबद्दल फार माया वाटली, आणि ठळक टाइपातल्या त्या "आसाम"चा राग आला.

दहा मिनिटं झाली. शटर मिटलं. खालून गुंडू ओरडला, "लावू काय?" आणि सगळा लखलखाट झाला. फटाके वाजले. जेवणाच्या पंगतीत हंबीररावांनी जाहीर केलं की, आपल्या देवयानीचा फोटो काळोखात काढलेला आहे, जिल्ह्यात पहिल्यांदाच, आणि फोटोग्राफर खास कोल्हापूरचा आहे. पंगतीनं माना डोलावल्या. "काळोखात काढायचं म्हंजे कॅमेरा भारी असणार," कुणीतरी म्हणालं.

हंबीररावांचा अल्बम म्हणून लॅबवाल्यानं या खेपेला सगळ्या रोलचे मोठे फोटो छापले. त्यात अक्षतांच्या आणि पंगतींच्या मधे ती आली होती. लांबट, धुरकट उजेड, मधे पिवळसर गाभा, आणि नीट बघितलं तर कडेनं वळत गेलेल्या दोन काळसर रेघा. त्या रेघांमधून उठून दिसणारे ते भोवऱ्याचे हात. मीरासाब माझ्या प्रेसमध्ये फोटो घेऊन आला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडलो असतो, पण समोर गिऱ्हाईक होतं.

मग निगेटिव्ह बघितली. त्यावर लॅबवाल्याला कुठली चौकट कुठं संपते ते दिसलं नव्हतं. सगळी जागा त्याला रिकामीच वाटली, आणि पट्टी कापताना त्यानं बरोबर देवयानीच्या मधून कात्री चालवली होती. मीरासाबनं फोटोवरून फोटो काढून बघितला. त्यात हात गेले, नुसता डाग राहिला. म्हणजे होता तो एकच फोटो. जगात एक.

तो हाताशी येऊन चार दिवस झाले नाहीत, तोच गुंडू जीप घेऊन हजर. "अल्बम सावकाश द्या. त्यो काळोखातला फोटो आधी द्या. सायबांनी हॉलची भिंत मोकळी करून ठेवलीया."

मी म्हटलं, "फेल गेला म्हणून सांग."

"त्यांनी दिवं घालवलं, बाळासो. त्यांच्या तोंडावर खोटं कसं बोलू? जातो, फोटो दाखवतो, खरं काय ते सांगतो आन् घेऊन येतो." आणि तो गेला. मलाही बरोबर नेलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी बघितलं.

हॉलमध्ये पंधराएक माणसं बसली होती. मीरासाबनं फोटो दिला आणि "साहेब, ह्यात काय झालंय," एवढंच म्हणाला. हंबीररावांनी हात वर करून त्याला थांबवलं. फोटो लांब धरला, मग जवळ धरला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ज्या माणसानं पंधरा वर्षं प्रत्येक ठरावावर न वाचता सही केली, तो चार लोकांत "मला काही दिसत नाही" असं म्हणणार कसा?

"व्हय," हंबीरराव म्हणाले. "डोळं आईवर गेल्यात."

झालं. फोटो हातोहात फिरला. सोसायटीच्या सेक्रेटरीला नथ दिसली. एकाला पदर दिसला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "लाजल्यागत वाटतीया, पण हाय आपली देवयानीच." मीरासाबनं दोनदा तोंड उघडलं, पण त्याचं ऐकतंय कोण. संध्याकाळपर्यंत फोटो चौकटीत बसून भिंतीवर गेला. परतीच्या एसटीत मी मीरासाबशेजारी बसून हंबीररावांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. हौशीनं काढलेला एकच फोटो, त्यालाही शेवटी गिऱ्हाईक मिळालं.

वर्ष गेलं. मीरासाबनं पुन्हा प्रयत्न केला नाही असं नाही, पण गुडघे धरले होते, आणि तसा काळोखही पुन्हा मिळाला नाही. २००१ च्या फेब्रुवारीत गणपतराव सरांनी राजारामपुरीत विज्ञान प्रदर्शन भरवलं. कोल्हापूरच्या माणसानं पाण्याच्या पाइपातून काढलेली देवयानी हेच त्यांना मध्यभागी लावायचं होतं. चार दिवसांचा प्रश्न. आम्ही चंदगडला गेलो.

फोटो हॉलमध्येच होता, सोफ्याच्या बरोबर समोर. हंबीररावांनी चहा मागवला, विषय ऐकला आणि त्यांचा आवाज चढला. "माझ्या पोरीचा फोटो चार लोकांत टांगणार? बायामाणसांचे फोटो काय प्रदर्शनात मांडायचे असत्यात? आमचं घराणं काय, खानदान काय!"

"साहेब," मीरासाब म्हणाला. वर्षभर घशात अडकलेलं शेवटी बाहेर आलं. "ती तुमची लेक न्हाई. त्या ताऱ्यांच्या देवयानीचा फोटो हाय त्यो. माझीच चूक हाय, तवाच बोलायला पायजे होतं."

हंबीररावांनी फोटोकडं बघितलं. मग एकदम हळू म्हणाले, "मीरासाब, ह्या भिंतीवर माझी लेक हाय. तुमचं तारं आभाळात हाईत. ते न्या."

म्हणजे पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची ती अख्खी दीर्घिका एका घराण्याच्या अब्रूत जमा झाली होती! मी उठलो. मला त्या माणसाचं तोंड बघवेना.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून देवयानी आली. गावच्या जत्रेसाठी चौदा महिन्यांनी पहिल्यांदा माहेरी आली होती. वाळली होती, बोलणंही जरा बदललं होतं. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. वडिलांना म्हणाली,

"दादा, फोटो माझा हाय न्हवं?"

"व्हय की. मी तेच सांगायलोय ह्यास्नी."

"मग मी देतो. माझा फोटो कुणाला द्यायचा, ते मी ठरवीन." तिनं स्टूल ओढलं, चढली, चौकट काढली आणि पदरानं पुसून मीरासाबच्या हातात दिली. "चार दिवसांनी परत आणा मात्र. दादांना लागतोय." हंबीररावांना त्यांच्याच बोलण्यानं धरलं होतं. मला एवढा आनंद झाला की मी त्यांचा चहा पुन्हा मागून प्यालो.

प्रदर्शन दणक्यात झालं. फोटोखालची पाटी मी छापली: देवयानी दीर्घिका. छायाचित्र: मीरासाब नदाफ, शिवाजी पेठ. दहा वेळा तपासली. शाळांच्या रांगा लागल्या. नजीरा रोज पेठेतल्या चार बायकांना घेऊन यायची आणि "ह्याला माझे केस लागलेत," असं सांगायची, ते बायकांना कळायचं नाही, पण मान मोठा होता. डोळे मिचकवणारे सगळे येऊन गेले. मीरासाब चार दिवस इस्त्रीचा शर्ट घालून फोटोशेजारी उभा राहिला. जेवायला जा म्हटलं तर जायचा नाही. त्याला एवढं सुखात मी कधी बघितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी, लोक पांगल्यावर हंबीरराव आले. बरोबर कुणी नाही, गुंडूसुद्धा नाही. असे एकटे आलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघितले. देवयानी दोन दिवसांपूर्वी आसामला परत गेली होती. ते फोटोसमोर उभे राहिले आणि गणपतराव सरांना म्हणाले, "ही किती लांब हाय हो?"

सर खुलले. "पंचवीस लाख प्रकाशवर्षं! म्हणजे तिचा आज आपल्याकडं पोचलेला उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. आपल्याला दिसते ती तेव्हाची. आत्ता ती कशी आहे, हे कळायला मार्गच नाही."

"म्हंजे खुशाली कळायची न्हाईच."

"अजिबात नाही," सर उत्साहानं म्हणाले.

हंबीररावांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. "लई लांब दिली," ते म्हणाले. "लई लांब दिली की पोरगी."

"कुणाला दिली?" सरांनी विचारलं. भौतिकशास्त्राचा माणूस, त्याला काय बोलायचं.

मीरासाब पुढं झाला. त्यानं भिंतीवरून चौकट उतरवली, पिवळ्या फडक्यानं काच पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि हंबीररावांच्या हातात दिली. हंबीररावांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि निघून गेले.

रिक्षात बसल्यावर मी भडकलो. "येडा हायस काय? तीन हिवाळे घातलास त्याच्यापायी. आयुष्यात एक फोटो काढलास मनासारखा. तुझी ती कॉपी दिली असतीस चौकटीत घालून, नुसती डागवाली. त्या माणसाला काय कळणार होतं?"

मीरासाब रिकाम्या हातांकडं बघत होता.

"कळलं असतं," तो म्हणाला. "मी तिला धा मिंटं बघितलो, बाळासो. त्यो रोज बघतोय."